सणाचा बाजार आणि प्राप्यकारी इंद्रिये

२०२० साली चैत्र शुद्ध प्रतिपदा २५ मार्चला आली, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. महाराष्ट्रात संचारबंदी त्याआधीच लागू झालेली असल्यामुळे साखरेच्या गाठ्या, कडुनिंबाचे डहाळे, वेळूच्या काठ्या आणि झेंडूचे ढीग ह्यांनी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी जे रस्ते अडायचे ते त्या वर्षी अडले नाहीत. गुढ्या पुष्कळ घरांवर उभ्या राहिल्या, परंतु त्या घरात जे होते त्यातून. पुढे २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी आली तेव्हा शासनाने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली होती. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी गणपती न बसवता आरोग्योत्सव केला. आणि अनेक ठिकाणचे दर्शन, पूजा, आरती व खरेदी ही सारी हातातल्या पडद्यावर आली. १४ नोव्हेंबरची दिवाळीही बरीचशी अशीच गेली. २०२२ साली गणेशोत्सवावरील निर्बंध उठले, गर्दी परतली. मात्र पडद्यावर गेलेले सगळेच परत आले असे नाही. पूजासाहित्याचा बांधलेला संच, उटणे, पणत्या, फराळ, आकाशकंदील ह्या वस्तू आता अनेकांच्या घरी दारातूनच येतात, बाजारातून नव्हे.

ह्या स्थित्यंतराविषयी जे लिहिले जाते ते एक तर व्यापाराच्या अंगाने किंवा हळहळीच्या अंगाने. हळहळ ही टीकेची जागा घेऊ शकत नाही. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ हे विधान प्रत्येक पिढीने केलेले आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांच्या आजोबांनीही ते केलेले होते. प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे ते एवढेच की, सणाचा बाजार पडद्यावर जातो म्हणजे त्यातले नेमके काय जाते व काय मागे राहते. आणि मागे जे राहते त्याचा आपल्या भाषेशी, पर्यायाने वाङ्मयाशी, काही संबंध आहे किंवा कसे.

आपल्या दर्शनकारांचा एक जुना वाद येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. इंद्रिय आपल्या विषयाला जाऊन भिडते की त्याला न भिडताच त्याचे ज्ञान करून देते, हा तो वाद. भिडणारे ते प्राप्यकारी, न भिडणारे ते अप्राप्यकारी. नैयायिकांनी सर्वच बाह्य इंद्रियांना प्राप्यकारी मानले. डोळादेखील आपला किरण पाठवून घटाला स्पर्श करतो असे त्यांचे म्हणणे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात मांडलेली बौद्ध भूमिका निराळी आहे. तीनुसार डोळा, कान आणि मन ही आपल्या विषयाला न भिडता त्याला जाणतात. नाक, जीभ आणि त्वचा ह्यांना मात्र विषयाची प्रत्यक्ष गाठ पडावी लागते. वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, आणि वाऱ्यावर फुलाचा वास येतो तो वाऱ्याचा नव्हे, वाऱ्यासोबत आलेल्या सूक्ष्म पार्थिव कणांचा, असे स्पष्टीकरण दिले. वास येणे म्हणजे त्या पदार्थाचाच एक अंश आपल्यापर्यंत येणे.

आधुनिक विज्ञानाने डोळ्याच्या किरणाचा प्रश्न निकालात काढला. गंधाच्या बाबतीत मात्र वैशेषिकांची कल्पना स्थूलमानाने खरी ठरली. पदार्थाचे रेणू नाकातील ग्राहकांपर्यंत पोहोचल्यावाचून वास येत नाही. ह्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल ह्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावर गंध का जात नाही ह्याचे उत्तरही येथेच आहे. रंगाचे ज्ञान आपल्याला डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशींमुळे होते; म्हणून तांबडा, हिरवा व निळा एवढ्या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने पडदा बहुतेक सारे रंग उभे करू शकतो. नाद म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. तो नोंदवता येतो आणि पुन्हा निर्माण करता येतो. परंतु गंधाच्या ग्राहकांचे मानवात सुमारे चारशे प्रकार आहेत, आणि ज्यांच्या मिश्रणाने बाकीचे सर्व गंध सिद्ध व्हावेत असे दोन-चार मूलगंध सापडलेले नाहीत. १९६० साली अमेरिकेत एका चित्रपटाबरोबर प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी नळ्यांवाटे वास सोडण्याचा प्रयोग झाला होता, तो फसला. लोकांना वास उशिरा आले आणि एकात एक मिसळले. म्हणजे पडद्यावरचा बाजार हा दोन अप्राप्यकारी इंद्रियांचा बाजार आहे, आणि ही त्याची आजची उणीव नसून घडण आहे.

येथवर विवेचन सोपे आहे, किंबहुना जरा जास्तच सोपे आहे. ‘डोळा आणि कान गेले, नाक-जीभ-त्वचा राहिली’ अशी सरळ वाटणी केली तर बाजाराचे स्वरूप हातून निसटते. कारण सणाच्या बाजारात डोळा आणि कान हेही स्वतंत्र नसतात. ते हाताच्या चाकरीत असतात. पणती घेणारी बाई पणतीला टिचकी मारून पाहते. भाजलेल्या, निर्दोष मातीचा आवाज खणखणीत येतो, चिरलेल्या पणतीचा बद्द. नारळ कानाशी धरून हलवतात, आतल्या पाण्याचा अंदाज घेतात. हे नाद ऐकू येणारे नसून काढून ऐकायचे आहेत. पडदा आपल्याला पणतीचे चित्र देईल, हवे तर तिचा आवाजही ऐकवील; परंतु तो दुसऱ्याने मारलेल्या टिचकीचा आणि दुसऱ्याच पणतीचा आवाज असेल. दृष्टीचेही तसेच. रांगोळी नुसती पाहत नाहीत, अंगठा आणि तर्जनी ह्यांमध्ये चोळून ती भरड आहे की बारीक हे ठरवतात, आणि मग बोटांवर राहिलेल्या रंगाकडे पाहतात. चिवड्याचे पातळ पोहे चिमटीत दाबून ते सर्द झाले आहेत का हे कळते. तूप किंवा अत्तर हाताच्या पाठीवर चोळून हुंगतात. तांदळाचे चार दाणे तळव्यावर घेऊन त्यांतला एक दाढेखाली जातो. बाजारात माणूस संवेदना ग्रहण करीत फिरत नाही, परीक्षा करीत फिरतो. संवेदना हे त्या परीक्षेचे साधन असते, आणि सणाच्या दिवसांत ही परीक्षा वर्षातल्या इतर कोणत्याही वेळेपेक्षा कसून होते, कारण देवापुढे मांडायची वस्तू खोटी निघून चालत नाही.

म्हणूनच ‘पडद्यावरच्या खरेदीत वास नसतो’ हे म्हणणेही अपुरे आहे. वास नष्ट होत नाही, तो घरात येऊन पोहोचतो. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे धाडलेला फराळाचा डबा उघडताक्षणी जो खमंग वास सुटतो तो अस्सलच असतो, आणि त्या वासाने ज्यांचा गळा दाटून येतो त्यांच्या भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही. गंधाची वाट मेंदूतील भावना आणि स्मृती ह्यांच्या केंद्रांशी इतर इंद्रियांच्या मानाने अधिक थेट जुळलेली आहे, हेही आता माहीत झाले आहे. बदललेला असतो तो क्रम. बाजारात आधी वास येतो, मग भाव विचारला जातो, मग नकार, मग दुसरे दुकान. पडद्यावरच्या बाजारात आधी किंमत दिली जाते आणि नंतर वास येतो. तो आठवणीला चाळवू शकतो. पण निवड करू शकत नाही.

आता भाषेकडे वळू. मराठीत वासाचे आणि स्पर्शाचे शब्द थोडे नाहीत. परिमळ, दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा ही नामे. खमंग, खरपूस, खवट, कुबट, आंबूस, करपट, मातकट, धुरकट, हिरवट, वशाट, कोंदट ही विशेषणे. आणि स्पर्शाच्या बाजूला राठ, लुसलुशीत, भुसभुशीत, तुकतुकीत, चिकट, सर्द, दमट. भाषाशास्त्रात बराच काळ अशी समजूत होती की गंध हा शब्दांत पकडता येतच नाही. मलाया द्वीपकल्पातील जहाई लोकांच्या भाषेचा अभ्यास करून असिफा माजिद आणि निक्लस बुरेनहुल्ट ह्यांनी २०१४ साली ती समजूत खोटी असल्याचे दाखवले: जहाई भाषक गंधाचे वर्णन रंगाइतक्याच सहजतेने व एकवाक्यतेने करतात. मराठीला जहाईच्या पंक्तीला बसवण्याची घाई मी करणार नाही. तथापि आपल्या ह्या शब्दांचा एक विशेष नजरेत भरण्यासारखा आहे. त्यांतले बरेचसे वर्णन करीत नाहीत, निकाल देतात. खोबरे ‘खवट’ म्हणजे घेऊ नये. तांदूळ ‘कुबट’ म्हणजे ओल्या जागी साठवलेला. भाजणी ‘करपट’ म्हणजे भाजणारीचे लक्ष नव्हते. हे शब्द चिंतनातून नव्हे तर देवघेवीतून, गिऱ्हाईक आणि दुकानदार ह्यांच्या समोरासमोरच्या तंट्यातून घासूनपुसून तयार झालेले आहेत. ‘खवट आहे’ असे म्हणताच दुकानदाराला दुसरे पोते उघडावे लागते.

पडद्यावरच्या बाजारातही अभिप्राय असतात. वस्तूच्या खाली गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या ओळी आणि तारे असतात. त्या ओळी चाळून पाहाव्यात. तेथे वरच्या शब्दांपैकी क्वचितच एखादा भेटतो. तेथली मोठी शाबासकी ‘फोटोत दाखवले तसेच आहे’ ही असते. वस्तू चित्राशी जुळते ह्यात वस्तूचे यश! चित्र वस्तूसारखे असावे ही अपेक्षा चित्रकलेच्या टीकेतून आपण मोठ्या प्रयासाने हद्दपार केली. ती उलटी होऊन वाणसामानात शिरली आहे.

ह्या संदर्भात गोव्यातील माटोळीच्या बाजाराचा विचार विस्ताराने करण्यासारखा आहे. चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली व बागेतली फळे, कणसे, पाने, फुले बांधतात, ती माटोळी. दक्षिण कोकणात, सिंधुदुर्गाच्या बाजूला, तिलाच माटवी म्हणतात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे ही झाली ओळखीची मंडळी. परंतु माटोळीचे खरे वैभव असते ते रानफळांत: बाहेरून शेंदरी-तांबडे, देखणे आणि चवीला कडूजहर असे कवंडळ, कांगले, हरण, पांढऱ्या पानांचे शेरवड. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापसा, फोंडा, मडगाव, पणजी, साखळी येथे माटोळीचा बाजार भरतो, आणि सत्तरीसारख्या रानाजवळच्या भागांतून आलेल्या बाया ही फळे टोपल्यांतून घेऊन बसतात. श्रावण-भाद्रपदातल्या ओल्या पानांचा, चिखलाचा, पिकल्या चिबडाचा आणि सोललेल्या सालींचा एक संमिश्र वास त्या जागी असतो. त्याला मराठीत किंवा कोंकणीत एकच एक नाव असल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, आणि नाव नसल्यामुळे तो कमी खरा ठरत नाही.

हा बाजार पडद्यावर जाणे अवघड का, हे समजून घेतले म्हणजे पडद्यावरच्या बाजाराची मूळ अट कळते. पडद्यावर येण्यासाठी वस्तूला चार गोष्टी लागतात: एक नाव, एक छायाचित्र, एक वजन आणि एक किंमत. आज जी वस्तू पाहिली तशीच दुसरी उद्या देता आली पाहिजे. माटोळीतली रानफळे कोणी पिकवीत नाही. त्यांची नावे गावागणिक बदलतात. ती वजनावर नव्हे, वाट्यावर विकली जातात, आणि वाट्यात किती फळे हे विकणारीची मर्जी, दिवसाची वेळ आणि पावसाचा रंग ह्यांवर ठरते. पुष्कळ फळे खाण्याची नसतात, औषधाची असतात किंवा नुसतीच शोभेची. त्यांना एरवी बाजारभावच नसतो. अशा वस्तूला सूचीत जागा मिळत नाही, आणि तयार संचात बसतात ती फक्त नारळ, सुपारी, केळी. गोवा शासनाचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरवते. त्यामुळे दुर्मीळ रानफळे शोधून आणण्याला उत्तेजन मिळाले हे मान्य केले पाहिजे. पण स्पर्धेतील माटोळीला नामपट्टिका लागतात, आणि बाजारात नाव सांगणारी बाई लागते. नाव कळते ते फळ फोडून नाकाशी धरले गेल्यावर.

गणपतीच्या एकवीस पत्रींचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या यादीत मरवा हुंगून ओळखायचा, आघाडा कपड्यांना चिकटणाऱ्या कुसळांवरून, केवडा पानाच्या काटेरी कडांवरून. म्हणजे यादी धार्मिक असली तरी तिची परीक्षा वनस्पतिशास्त्राची आहे. अर्थात बाजारातल्या जुडीतही हल्ली वाटेल तो पाला बांधून देतात, आणि घेणाराही मुकाट्याने घेतो. तेव्हा ऱ्हासाचे सगळे खापर पडद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. ओळखणारे नाक आधी गेले, संच मागाहून आला.

सौंदर्यशास्त्राने ह्या इंद्रियांची फारशी पत्रास ठेवलेली नाही. हेगेलने गंध, रस आणि स्पर्श ह्यांना कलेच्या क्षेत्राबाहेर ठेवले, कारण ही इंद्रिये वस्तूला भोगतात, तिला तिच्या जागी मोकळी सोडत नाहीत. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी, ज्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या ग्रंथाला १९५६ साली मरणोत्तर साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, सौंदर्याची मीमांसा संवेदनांच्या लयबद्ध रचनेतून केली: संवाद, विरोध आणि समतोल. सणाचा बाजार ही काही कलाकृती नव्हे. परंतु शेवंतीच्या गार वासाशेजारी झेंडूचा कडवट, त्याला छेद देणारा तळणाचा, आणि सर्वांखाली भिजलेल्या गोणपाटाचा, ही जी योजनेवाचून घडलेली रचना दादरच्या फुलबाजारात पहाटे भेटते, तिच्यात विरोध आणि समतोल नाहीत असे म्हणणे धाडसाचे होईल. भरताने रसाचे स्पष्टीकरण देताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाच्या आस्वादाचा दृष्टांत घेतला, हे येथे आठवते. जिभेला कलेच्या उंबरठ्याबाहेर उभे करण्याची आपली परंपरा नव्हती.

तरीही स्पर्शाची बाजू मांडताना मराठी लेखकाने एकदा थांबले पाहिजे. ह्या देशात स्पर्श कधीही निष्पाप नव्हता. ज्यांना दुकानाच्या पायरीवर चढण्याची मुभा नव्हती, ज्यांच्या ओंजळीत माल वरून टाकला जाई, त्यांच्या पिढ्यांना बाजार हे पंचेंद्रियांचे साम्राज्य वाटले असण्याचे कारण नाही. माल निवडून, चोळून, हुंगून घेण्याचा हक्क हा स्वतःच एक विशेषाधिकार होता. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मराठी कवितेत जे वास आणले ते आजवर दाराबाहेर ठेवलेले होते. सुवासाच्या स्मरणरंजनाला तो संग्रह आजही उत्तम उतारा आहे. गर्दीतल्या नकोशा स्पर्शाबद्दल स्त्रियांना विचारावे. पायाने अधू असलेल्यांना विचारावे. ह्या सर्वांना घरपोच बाजाराने काही दिले आहे, आणि ते लहान नाही. परंतु २०२० साली ‘संपर्कविरहित’ हा शब्द सद्गुण म्हणून पेटीवर छापून आला, तेव्हा अस्पृश्यतेचा इतिहास असलेल्या समाजाने तो इतक्या सहज उच्चारावा ह्याचे मला विलक्षण वाटले. रोगाच्या दृष्टीने तो शब्द बरोबर होता. पेटी आणून देणाऱ्या हातांना मात्र सगळ्या शहराचा संपर्क घडत होता.

वाङ्मयाचा प्रश्न सरतेशेवटी येतो, पण तो सर्वांत निकडीचा आहे. कोणी म्हणेल, वाङ्मय हाच मुळी दूरचा बाजार. शब्दाला वास नाही, चव नाही. तरी लेखकाने मोगरा लिहिला की वाचकाच्या नाकाला तो येतो. मग पडद्याला दोष का? ज्ञानेश्वरांनी तर सहाव्या अध्यायात आपल्या बोलाविषयी अशी प्रतिज्ञाच केली आहे की तो ऐकताना इंद्रियांमध्ये भांडण लागेल: शब्द वास्तविक कानाचा विषय, पण जीभ त्याचा रस आपला म्हणेल, नाकाला त्यातून परिमळ मिळेल, डोळे त्याच्या रूपाने तृप्त होतील आणि बाहू त्याला आलिंगन देऊ पाहतील. पाचही इंद्रियांवर एका शब्दाने मालकी सांगण्याची ही हिंमत मराठीच्या आरंभीच दिसते.

परंतु ही प्रतिज्ञा पुरी होते ती वाचकाच्या ठेवीवर. शब्द गंध निर्माण करीत नाही. वाचकाने पूर्वी कधी घेतलेला गंध तो परत मागतो. ‘खवट’ हा शब्द ज्याने कधी खोबऱ्याचा तुकडा नाकाशी धरून परत ठेवलेला नाही त्याला कोशातून समजेल, पण त्याच्या नाकपुड्या आक्रसणार नाहीत. विशेष हे की ही ठेव नुसत्या वास येण्याने जमत नाही. परीक्षा करताना, नाव घेताना, नाकारताना, म्हणजे शब्द आणि गंध एकाच क्षणी एकत्र आल्याने ती जमते. पडद्यावरून आलेल्या डब्यातला वास हा ह्या दृष्टीने मुका वास आहे. त्याच्याबद्दल कोणाशी भांडायचे नसते, म्हणून त्याला नाव द्यावे लागत नाही. उद्याच्या लेखकापुढे अडचण येईल ती विषयांची नव्हे. त्याच्यापाशी विशेषणे असतील, पण ती वाचकात कोठे जाऊन लागावीत ती जागाच रिकामी असेल. इंदूरला, बडोद्याला, दिल्लीला पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना ह्याचा थोडा अनुभव असणारच: घरात शब्द राहिला, वस्तू मागे कोकणात राहिली.

त्याच २०२० सालाने ह्या विषयावर एक वेगळाच प्रकाश टाकला. त्या वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे ही कोविडची लक्षणे म्हणून नोंदवली. ज्यांचा वास महिनोन्‌महिने परतला नाही त्यांना वैद्य एक साधा अभ्यास सांगतात. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, थोडा थोडा वेळ हुंगायचे. नुसते हुंगायचे नाही. लवंग नाकाशी धरायची, ‘लवंग’ हा शब्द मनात आणायचा, आणि तिचा वास कसा होता ते आठवत राहायचे. वास येवो अथवा न येवो.